अस्तित्ववाद : माणूस जन्माने ठरत नाही, मग ठरतो कशाने?

आमच्या भागातल्या विहारात दर रविवारी तरुणांचा अभ्यासवर्ग चालतो. काही महिन्यांपूर्वी तिथे एक वाद झाला. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला एक मुलगा सांगत होता, की क्लासमध्ये आलेल्या एका व्याख्यात्याने सगळ्यांना सुनावले, "परिस्थितीची कारणं देऊ नका. तुम्ही आज जे आहात ते तुमच्याच निवडीमुळे आहात." हे ऐकून दुसरा मुलगा चिडला. "आपल्या हातात असतं काय? आपलं सगळं आधीच ठरलेलं आहे," तो म्हणाला. पहिल्याला स्वतःची लाज वाटत होती. दुसऱ्याने अभ्यास केव्हाच सोडला होता.

मला त्या वेळी एम.ए.ला असताना वाचलेला अस्तित्ववाद आठवला. व्याख्यात्याचे वाक्य ज्या विचारातून आले आहे तो विचार अस्तित्ववादाचाच, पण अर्धा कापलेला. उरलेला अर्धा भाग त्या दोन्ही मुलांच्या उपयोगाचा आहे असे मला वाटते. म्हणून अस्तित्ववाद म्हणजे नेमके काय, तो कुठून आला, त्यावर आक्षेप कोणी घेतले आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यातून काय घ्यावे, याची ही थोडक्यात ओळख.

पार्श्वभूमी

अस्तित्ववाद ही एका व्यक्तीने स्थापन केलेली विचारसरणी नव्हे. त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. डेन्मार्कचे सोरेन किर्केगार्द (१८१३–१८५५) यांनी आपल्या काळातील मोठमोठ्या तत्त्वज्ञान-रचनांवर आक्षेप घेतला. या रचना संपूर्ण विश्वाचा हिशेब मांडतात, पण उद्या सकाळी एक निर्णय घ्यायचा आहे अशा जिवंत माणसाला त्यांत जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निवड करताना माणसाला जी अस्वस्थता वाटते तिच्यावर त्यांनी १८४४ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. जर्मनीचे फ्रेडरिक नित्शे (१८४४–१९००) याच्या उलट टोकाचे. युरोपातला ईश्वरावरचा विश्वास आतून संपला आहे, त्यामुळे वरून मिळालेली मूल्ये आता टिकणार नाहीत आणि माणसाला मूल्ये स्वतःच घडवावी लागतील, असे त्यांनी मांडले.

विसाव्या शतकात मार्टिन हायडेगर यांचा 'अस्तित्व आणि काल' हा ग्रंथ १९२७ मध्ये आला. माणूस आपल्या इच्छेविना एका जगात येऊन पडतो आणि आपण मरणार आहोत हे ठाऊक असताना जगतो, याचे त्यांनी खोल विश्लेषण केले. याच हायडेगर यांनी १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सभासदत्व घेतले, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. थोर तत्त्वज्ञान लिहिणारा माणूस योग्य बाजूला उभा राहीलच असे नाही.

पण अस्तित्ववाद हा शब्द घराघरात पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समधून. ज्याँ-पॉल सार्त्र (१९०५–१९८०), सिमोन द बोव्हुआर (१९०८–१९८६) आणि आल्बेर काम्यू (१९१३–१९६०) ही त्यातली तीन ठळक नावे. काम्यू यांनी मात्र स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेण्यास कायम नकार दिला.

त्या काळाचा संदर्भ महत्त्वाचा आहे. १९४० ते १९४४ या काळात पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. सार्त्र स्वतः १९४० मध्ये युद्धकैदी झाले आणि १९४१ मध्ये सुटून परतले. शेजारी राहणारा माणूस खबऱ्या असू शकत होता. पत्रके छापावीत की गप्प बसावे, ज्यू कुटुंबाला लपवावे की दार लावून घ्यावे, हे प्रश्न रोजचे होते. त्यांची उत्तरे कोणत्याही पोथीत नव्हती. सार्त्र यांचा 'असणे आणि नसणे' हा मुख्य ग्रंथ १९४३ मध्ये, म्हणजे याच काळात प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यावरचे हे तत्त्वज्ञान स्वातंत्र्य हिरावले गेलेल्या शहरात लिहिले गेले आहे.

आधी अस्तित्व, मग सत्त्व

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी सार्त्र यांनी पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिले. अस्तित्ववाद हा मानवतावादच आहे, असा त्याचा विषय होता. सभागृहात इतकी गर्दी झाली की लोकांची चेंगराचेंगरी झाली. पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने आले. त्यात त्यांनी कागद कापायच्या सुरीचे उदाहरण दिले आहे.

सुरी बनवणाऱ्या कारागिराच्या डोक्यात ती कशासाठी हवी, कशी असावी, हे आधी ठरलेले असते. त्यानंतर सुरी तयार होते. म्हणजे सुरीचे सत्त्व आधी आणि अस्तित्व नंतर. सत्त्व म्हणजे एखादी गोष्ट जी काही आहे ती जिच्यामुळे आहे तो तिचा गाभा, तिचा ठरलेला स्वभाव आणि हेतू. धर्मशास्त्रांनी माणसाकडेही असेच पाहिले. ईश्वर हा कारागीर आणि माणूस ही त्याने योजून केलेली वस्तू. ईश्वर न मानणाऱ्या अनेक तत्त्वज्ञांनीही 'मानवी स्वभाव' नावाचा एक आधीच तयार असलेला साचा मानलाच.

सार्त्र म्हणतात, माणसाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. माणूस आधी जगात येतो, भेटतो, वावरतो आणि मग स्वतःच्या कृतींतून कोणीतरी होत जातो. त्याचा साचा आधी कुठेच नसतो. तो भित्रा जन्मत नाही, भित्र्यासारखा वागत राहून भित्रा होतो, आणि वेगळे वागून त्यातून बाहेरही येऊ शकतो.

इथे आपल्या वाचकांच्या मनात काय येईल ते मी सांगू शकतो. माणसाला कागद कापायच्या सुरीसारखे वागवणारी एक व्यवस्था आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात तिचे नेमके वर्णन केले आहे. जातीत माणसाचा कल आणि कुवत पाहून काम ठरत नाही, आईबापांची जात पाहून ते मूल जन्मण्याआधीच ठरते. जात म्हणजे अस्तित्वाच्या आधी लादलेले सत्त्व, असे आपण अस्तित्ववादाच्या भाषेत म्हणू शकतो. या विषयाकडे नंतर पुन्हा येऊ. आधी सार्त्र यांच्या विचारातला अवघड भाग पाहू.

स्वातंत्र्याचे ओझे

साचा नसेल तर माणूस मोकळा आहे. पण सार्त्र यांच्या मते हे मोकळेपण सुखाचे नाही. आपल्या निर्णयाची जबाबदारी टाकायला खांदा उरत नाही. देव, स्वभाव, घराणे, नशीब, ग्रह, यांपैकी कोणाकडेही बोट दाखवता येत नाही.

त्याच व्याख्यानात त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली आहे. त्याचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेला होता. आई त्याच्या एकट्याच्या आधारावर जगत होती. त्याला इंग्लंडला जाऊन मुक्त फ्रेंच सैन्यात सामील व्हायचे होते. तो गेला तर आई कोसळणार होती. तो राहिला तर भावाच्या मृत्यूपुढे आणि देशापुढे आपण काहीच केले नाही ही टोचणी राहणार होती. धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम करा, पण इथे शेजारी कोण, आई की सैनिक? सार्त्र यांनी त्याला उपदेश केला नाही. तू मोकळा आहेस, निवड कर, असेच सांगितले. सल्ला मागायला आपण कोणाकडे जातो तेही आपणच निवडलेले असते, हे त्यांचे निरीक्षण चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने तपासून पाहावे असे आहे. ज्याच्याकडून हवे तेच उत्तर मिळेल अशाच ज्येष्ठ कार्यकर्त्याकडे आपण जातो, हा अनुभव कोणाला नाही?

निवडीबरोबर येणारी ही घालमेल सार्त्र आजार मानत नाहीत. मी जे निवडतो ते निवडून मी माणसाने कसे असावे याबद्दलही मत देत असतो, म्हणून जबाबदारी माझ्यापुरती राहत नाही, असे ते सांगतात. स्वातंत्र्य म्हणजे 'मला वाटेल ते करीन' असा अर्थ इथे होत नाही.

आत्मवंचना

हे ओझे नको म्हणून माणूस स्वतःशी खोटे बोलतो. सार्त्र यांनी यासाठी वापरलेल्या फ्रेंच संज्ञेला मराठीत आत्मवंचना म्हणता येईल. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण कॅफेतल्या वेटरचे आहे. तो जरा जास्तच चपळाईने चालतो, जरा जास्तच अदबीने वाकतो. आपण वेटरशिवाय दुसरे काहीच नाही, असे जणू तो स्वतःला पटवत असतो. टेबल जसे टेबल असते तसे त्याला वेटर व्हायचे असते, म्हणजे विचार करायला नको.

आत्मवंचनेची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. आपल्याला बांधणाऱ्या खऱ्या गोष्टी नाकारणे हीसुद्धा आत्मवंचनाच. माझे शरीर, माझा भूतकाळ, माझा वर्ग, मी ज्या काळात जन्मलो तो काळ, या गोष्टी मी निवडलेल्या नाहीत आणि त्या नाहीतच असे वागणे खोटेपणाचे आहे. मी फक्त परिस्थितीचा गुलाम आहे हे एक खोटे, आणि माझ्यावर परिस्थितीचे काहीच बंधन नाही हे दुसरे खोटे. क्लासमधल्या व्याख्यात्याने पहिल्या खोट्यावर बोट ठेवले आणि मुलांच्या हातात दुसरे खोटे दिले.

दुसऱ्याची नजर

मी स्वतःला घडवतो हे खरे, पण जगात मी एकटा नाही. दुसरा माणूस माझ्याकडे पाहतो आणि त्याच्या नजरेत मी एक वस्तू होतो, माझ्यावर शिक्का बसतो. या नजरेचे विश्लेषण 'असणे आणि नसणे' मध्ये आहे. पण शिक्का मारणारी नजर जेव्हा एका व्यक्तीची न राहता कायद्याची, पोलिसांची आणि समाजाची होते तेव्हा काय घडते?

ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रान्सच्या व्हिशी सरकारने कायदा करून ज्यू कोण हे ठरवले आणि त्यांना अनेक व्यवसायांतून बाहेर काढले. जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागात त्यांना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. जुलै १९४२ मध्ये पॅरिस आणि परिसरात दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. त्यांतल्या बहुतेकांना पुढे आउश्वित्झला पाठवण्यात आले.

सार्त्र यांनी १९४६ मध्ये ज्यू प्रश्नावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यूद्वेष हे मत नसून जगण्याची एक रीत आहे, असे त्यांनी त्यात मांडले. स्वतः काहीही न करता केवळ जन्माने आपण श्रेष्ठ आहोत असे ज्याला वाटून घ्यायचे असते, त्याला खाली बघायला कोणीतरी लागते. म्हणून हा प्रश्न ज्यूंचा नाही, द्वेष करणाऱ्यांचा आहे, असे त्यांचे म्हणणे. जातिव्यवस्थेचा अनुभव असलेल्या वाचकाला हे विश्लेषण ओळखीचे वाटेल. मात्र ज्यू असणे हे जणू केवळ द्वेष्ट्यांच्या नजरेतून तयार होते अशी मांडणी त्यांनी केली, आणि ज्यूंची स्वतःची हजारो वर्षांची परंपरा, ग्रंथ, स्मृती बाजूला राहिली. ही टीका रास्त आहे. शोषितांची ओळख म्हणजे फक्त त्यांच्यावरचा अन्याय नव्हे.

१९५२ मध्ये सार्त्र यांनी लेखक ज्याँ जने यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. जने हे आईने सोडून दिलेले, परक्या कुटुंबात वाढलेले मूल. लहानपणीच त्यांच्यावर चोर हा शिक्का बसला. पुढे सुधारगृह, तुरुंग आणि तुरुंगातच लेखन, असा त्यांचा प्रवास झाला. समाजाने मला जे बनवले, त्याचे मी पुढे काय बनवतो, हा या ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. स्वातंत्र्याची सार्त्र यांची कल्पना इथे बदलताना दिसते.

बोव्हुआर यांचा आक्षेप

हा बदल घडायला सर्वांत आधी धक्का दिला तो सिमोन द बोव्हुआर यांनी. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी १९४० च्या सुमारास सार्त्र यांच्याशी झालेल्या चर्चेची आठवण दिली आहे. परिस्थिती कशीही असली तरी माणूस तिच्या पलीकडे जाऊ शकतो, असे सार्त्र म्हणत. बोव्हुआर यांनी विचारले, जनानखान्यात कोंडलेल्या बाईला पलीकडे जायला कोणती वाट आहे? तसे आयुष्यही वेगवेगळ्या प्रकारे जगता येते, असे उत्तर सार्त्र यांनी दिले. बोव्हुआर यांचे समाधान झाले नाही. सगळ्यांच्या परिस्थिती सारख्या नसतात, काहींच्या वाटा बंद केलेल्या असतात, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढे १९४९ मध्ये त्यांचा 'द सेकंड सेक्स' हा ग्रंथ आला. फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. स्त्रीचा म्हणून जो स्वभाव सांगितला जातो तो जन्मजात नसून संगोपन, कायदा, विवाह, कथा-पुराणे आणि पैशाचे परावलंबन यांतून घडवला जातो, हे त्यांनी जीवशास्त्रापासून साहित्यापर्यंतचे पुरावे देऊन दाखवले. सत्त्व आधी नसते हे सूत्र त्यांनी पुस्तकातून उचलून थेट घरातल्या चुलीपर्यंत नेले. आणि त्याबरोबर हेही सांगितले, की फक्त मन बदलून बाई मोकळी होत नाही. तिला स्वतःची कमाई, स्वतःच्या शरीरावर हक्क आणि कायद्यात समान जागा लागते. माझे स्वातंत्र्य दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याशिवाय पुरे होत नाही, हे त्यांनी १९४७ च्या नीतिविषयक ग्रंथातच मांडले होते.

आपल्या चळवळीतल्या तरुणांनी हा भाग जरा थांबून वाचावा. जात जन्माने ठरते हे आपण नाकारतो. मग मीटिंगनंतर चहाचे कप बाईनेच उचलायचे, हे कोणत्या सत्त्वाने ठरते?

फॅनन : आतून पाहिलेली नजर

फ्रांझ फॅनन (१९२५–१९६१) हे फ्रेंच ताब्यातील मार्टिनिक बेटावरचे कृष्णवर्णीय डॉक्टर. १९५२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' हा ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. एक गोरे मूल त्यांच्याकडे बोट दाखवून आईला सांगते, की मला भीती वाटते. त्या एका क्षणात शिकलेला, बोलका, तरुण डॉक्टर नाहीसा होतो आणि त्याच्या जागी फक्त कातडी उरते. सार्त्र यांच्या नजरेच्या सिद्धान्तात दोन माणसे एकमेकांकडे पाहू शकत होती. फॅनन दाखवतात, की वंशभेदाच्या जगात एकाच्या नजरेमागे सत्ता असते आणि दुसऱ्याच्या नजरेमागे काहीच नसते.

फॅनन यांनी सार्त्र यांनाही सोडले नाही. १९४८ च्या एका लेखात सार्त्र यांनी कृष्णवर्णीय कवींच्या अस्मितेचे कौतुक केले, पण ती अस्मिता म्हणजे वंशविहीन समाजाकडे जाणारा एक तात्पुरता टप्पा आहे, असेही म्हटले. फॅनन यांना हे लागले. आम्ही स्वतःला आत्ता कुठे सापडत होतो आणि तुम्ही बाहेरून येऊन आमचा शेवट कुठे होणार ते सांगता, अशी त्यांची तक्रार होती. मित्र म्हणून आलेले लोकही शोषितांच्या वतीने त्यांचे भवितव्य ठरवू लागतात, हे आपल्याला नवीन नाही.

पुढे फॅनन अल्जीरियातील ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात काम करू लागले. तिथे छळ झालेले आणि छळ करणारे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यांच्यापुढे येत. वसाहतीची व्यवस्था माणसे आजारी पाडत असताना एकेका रुग्णाला बरे करून त्याच व्यवस्थेत परत पाठवण्यात अर्थ नाही, या निष्कर्षाला येऊन त्यांनी राजीनामा दिला आणि ते अल्जीरियाच्या मुक्तिलढ्यात उतरले. समाजकार्यात असलेल्या माझ्यासारखीला हा प्रश्न रोज भेटतो. समुपदेशन करून मुलाला मी त्याच वर्गात परत पाठवते, जिथे त्याला आडनावावरून चिडवतात.

सार्त्र बदलले, काम्यू वेगळे झाले

या टीकेतून आणि आपल्या राजकीय कामातून सार्त्र शिकत गेले. अल्जीरियाच्या युद्धात (१९५४–१९६२) ते आणि बोव्हुआर आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध उभे राहिले. १९६१ आणि १९६२ मध्ये सार्त्र यांच्या घरावर बॉम्बहल्ले झाले. १९६४ मध्ये त्यांनी नोबेल पारितोषिक नाकारले. १९६९ च्या एका मुलाखतीत त्यांनी कबूल केले, की माणूस कुठल्याही परिस्थितीत मोकळाच असतो असे आपण पूर्वी लिहिले याचे आता नवल वाटते. मग स्वातंत्र्य उरले कुठे? समाजाने पूर्णपणे घडवलेला माणूसही आपल्याला जे दिले गेले ते जसेच्या तसे परत करत नाही. त्यात जो थोडासा फरक तो करतो, त्या फरकाला सार्त्र यांनी स्वातंत्र्य म्हटले. ही व्याख्या मला त्यांच्या सगळ्या विचारात सर्वांत उपयोगी वाटते. ती माणसाला लाज देत नाही आणि सबबही देत नाही.

काम्यू अल्जीरियात गरीब घरात जन्मले. वडील पहिल्या महायुद्धात गेले, निरक्षर आई धुण्याभांड्याची कामे करी. जग आपल्याला अर्थ देत नाही आणि माणूस अर्थ शोधायचे थांबवत नाही, या विसंगतीवर त्यांनी १९४२ मध्ये लिहिले. यावर आत्महत्या हे उत्तर नाही, डोळे उघडे ठेवून जगणे आणि अन्याय नाकारणे हे उत्तर आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्रांतीच्या नावाने होणारी हिंसा आणि सोव्हिएत छावण्या या प्रश्नांवरून १९५२ मध्ये त्यांची सार्त्र यांच्याशी मैत्री तुटली.

आपल्याकडे

मराठीत अस्तित्ववादाची चर्चा साठच्या दशकात जोरात झाली. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. तिच्याबद्दल बोलताना समीक्षकांनी अस्तित्ववादाचे नाव वारंवार घेतले. त्याच वर्षी बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्याची चर्चा विद्रोहाच्या आणि वास्तववादाच्या अंगाने झाली. पण नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा माणूस, सतत दुसऱ्याच्या नजरेची धास्ती आणि ओळख उघडी पडल्यावर कोसळणारा मार, हा विषय सार्त्र आणि फॅनन यांच्या प्रश्नाच्या अगदी जवळ आहे. अस्तित्वाचा प्रश्न म्हणजे रिकामपणीचा कंटाळा, असा समज आपल्याकडे पसरला. ज्याच्या माणूस असण्यावरच संशय घेतला गेला, त्याच्याइतका हा प्रश्न कोणाचाच नाही.

बाबासाहेब अस्तित्ववादी नव्हते आणि त्यांना त्या खणात बसवायची गरजही नाही. पण १९३५ ची येवल्याची घोषणा या प्रकाशात पुन्हा वाचावी. जन्म कुठे व्हावा हे माझ्या हातात नव्हते, पुढे काय व्हायचे ते माझ्या हातात आहे, असा तिचा आशय. परिस्थिती नाकारलेली नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवलेली नाही. त्यानंतर २१ वर्षे अभ्यास आणि संघर्ष करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह त्यांनी ती निवड प्रत्यक्षात आणली. सार्त्र यांची सुरुवात एकट्या माणसापासून होते. बाबासाहेबांकडे स्वातंत्र्य कधी एकटे येत नाही, समता आणि बंधुता सोबत लागतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी हेच बजावले होते.

तथागतांच्या विचाराशीही इथे तुलना होते. वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मण, माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो की आचरणाने, असा वाद घेऊन येतात. गवत, झाडे, किडे, प्राणी यांच्या जाती जन्मानेच वेगळ्या दिसतात, माणसामाणसांत तसा जन्माचा भेद नाही, जो शेती करतो तो शेतकरी, असे उत्तर बुद्ध देतात. हे जन्मजात सत्त्व नाकारणेच आहे. पण फरकही आहे. सार्त्र यांच्याकडे निवडणारा 'मी' केंद्रस्थानी असतो. बुद्धांच्या अनात्म आणि प्रतीत्यसमुत्पाद या विचारांत तो 'मी'सुद्धा कारणांतून घडलेला आणि बदलता आहे. अस्तित्ववाद घालमेल ओळखून थांबतो, धम्म दुःखाचे कारण शोधून मार्गाकडे नेतो. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे सोपे, पण चुकीचे.

एक गोष्ट मात्र अस्तित्ववादाकडून जरूर शिकावी. निवड एकदाच करून संपत नाही. दीक्षा आजोबांनी घेतली, पण बौद्ध असणे हेही जर आपल्याकडे फक्त जन्माने येऊ लागले, तर आपण पुन्हा सुरीच झालो. बावीस प्रतिज्ञा प्रत्येक पिढीने स्वतःच्या वागण्यातून पुन्हा घ्यायच्या असतात.

त्या दोन मुलांचे काय?

पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. एकात 'जे मी निवडले नाही' आणि दुसऱ्यात 'त्याचे मी काय करतो'. पहिल्या रकान्यात शिष्यवृत्ती उशिरा आली, घरी अभ्यासाला जागा नाही, इंग्रजीची शाळा नव्हती, असे बरेच काही आले. ते लिहिताना नापास झालेल्या मुलाची मान हळूहळू वर झाली. दुसरा रकाना भरायला वेळ लागला. शेवटी रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी सगळ्यांनी मिळून समाजकल्याण कार्यालयात अर्ज द्यायचा आणि विहाराची खोली रात्री अभ्यासिका म्हणून उघडी ठेवायची, असे ठरले. अभ्यास सोडलेल्या मुलाने किल्लीची जबाबदारी मागून घेतली. अर्जावर अजून उत्तर आलेले नाही. खोली मात्र रोज रात्री नऊला उघडते.